इन्व्हेजन (पेशींचं थर भेदून घुसणं) खरंच कमी झालं की पेशीच कमी होत्या?

पिपेटवाली: नमस्कार मंडळी, मी के-५६२ वर काम करतेय, म्हणजे सीएमएल या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कॅन्सरच्या) पेशी. एका जीनला दाबणारा एसआयआरएनए (छोटा आरएनए तुकडा) टाकला, क्यूपीसीआर या मोजणीत त्या जीनचा एमआरएनए (प्रोटीन बनवायचा निरोप) चांगलाच उतरलेला दिसला, ७२ तासांनी सीसीके-८ चं (वाढ बघायला वापरतात त्या रंग-चाचणीचं) रीडिंग कंट्रोलपेक्षा कमी, आणि २४ तास ट्रान्सवेल (छिद्रांच्या पडद्याचा कप, म्हणजे इन्सर्ट) ठेवलं तर पडद्यावरच्या मॅट्रिजेल या जेलच्या थरातून खाली आलेल्या पेशीपण कमी, गाइड एकदम खूश. पण मला आता वाटतंय की वाढच कमी झाली असेल तर खाली कमीच येणार ना? आणि ल्युकेमिया तर रक्तातच असतो, मग त्यात इन्व्हेजन कसलं?

सेलकल्चर_वेडा: शंका बरोब्बर आहे. के-५६२ साधारण २४ तासांत दुप्पट होतात, म्हणजे तुझं ट्रान्सवेल संपेपर्यंत कंट्रोलवाल्या एकदा दुप्पट झाल्यासुद्धा असतील. ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशी रंगवणारा रंग) करून दोन्हीकडे जिवंत पेशी सारख्याच टाक, वेळ कमी कर, आणि शेजारी मॅट्रिजेल नसलेला इन्सर्टपण लाव. मॅट्रिजेलमधून आलेल्या भागिले नुसत्या पडद्यातून आलेल्या, हा आकडा बघ. तो बदलला नाही तर इन्व्हेजनचं नाव घेऊ नकोस. आणि हो, सीसीके-८ पेशी मोजत नाही, डिहायड्रोजिनेज एन्झाइमचं काम मोजतं, त्यामुळे वाढ थांबली की पेशी मेल्या ते त्यातून कळत नाही, अ‍ॅनेक्सिन-व्ही (मरू लागलेल्या पेशी ओळखणारी चाचणी) करावंच लागेल.

आरएनए_काका: अगं आधी वेस्टर्न (प्रोटीन किती आहे ते बघायची चाचणी) कर! एमआरएनए उतरला म्हणून प्रोटीन लगेच जात नाही, जुनं प्रोटीन टिकाऊ असेल तर दोन-तीन दिवस तसंच राहतं, आणि तोवर पेशी विभागत गेल्या की एसआयआरएनए पातळ होत जातो. जास्त दिवस बघायचं तर लेंटिव्हायरसवाला एसएचआरएनए घे, तो पेशीतच बनत राहतो. या तरंगणाऱ्या पेशींना एसआयआरएनए आत नेणारं लिपिड रिएजंट फारसं लागू पडत नाही म्हणून लोक इलेक्ट्रोपोरेशन (विजेच्या शॉकने आत घालणं) करतात, पण त्या शॉकनेही पेशी मरतात, तेव्हा स्क्रॅम्बल्ड (कुठल्याच जीनला न लागणाऱ्या सिक्वेन्सच्या) कंट्रोललाही तोच शॉक दिलेला हवा. एकाच सिक्वेन्सवर भरवसा नको, दोन वेगळे घे, कारण भलताच जीन दबलेला असू शकतो. बीसीआर-एबीएल या सीएमएलच्या कॅन्सर-जीनचा एसआयआरएनए पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून ठेव, के-५६२ त्याच्याच जोरावर वाढतात.

मज्जासंस्था: इन्व्हेजनबद्दल, ल्युकेमियाच्या पेशी रक्तातच बसून राहत नाहीत. अस्थिमज्जेतून बाहेर, रक्तवाहिनीची भिंत ओलांडून हिरड्या, त्वचा, मेंदूच्या आवरणापर्यंत जातात. त्यासाठी एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही एन्झाइम्स बेसमेंट मेम्ब्रेनमधलं (पेशींखालच्या पातळ थरातलं) टाइप-४ कोलॅजन कापतात, ते जिलेटिन झायमोग्राफीत (एन्झाइमने जेलमधलं जिलेटिन कुठे कापलं ते दाखवणाऱ्या चाचणीत) पट्टा म्हणून दिसतं, ते करच. बाय द वे, तू नक्की मोजलंस काय? पडदा रंगवलास का?

पिपेटवाली: हो, क्रिस्टल व्हायोलेट रंगाने. प्रोटोकॉल स्तनाच्या कॅन्सरचा होता.

मज्जासंस्था: मग झालंच. तुझ्या या पेशी स्तनाच्या पेशींसारख्या पडद्याला चिकटत नाहीत, आरपार गेल्या की खालच्या मीडियात पडतात. ते मीडिया गोळा करून मोजायचं होतं.

पिपेटवाली: 🙈 ते टाकून दिलं. सोमवारपासून परत.