नरारा की कंबोई? डिसेंबरात कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर जायचंय

दांडियाबाजारकर:
नमस्कार मंडळी. दिवाळीत सेकंडहँड १००-४०० झूम घेतली. बॉडी जुनीच आहे, क्रॉप सेन्सरवाली. वढवाण्याच्या तलावावर जाऊन जाऊन हात बराच बसलाय, पण आता तेच पाणी, तोच बांध आणि तीच दूरवर बसलेली बदकं. समुद्र हवाय. डिसेंबरात शनिवार-रविवार मोकळा आहे. खंभातच्या आखातावरचं कंबोई बडोद्याच्या घरापासून पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, एका दिवसात जाऊन येता येईल. कच्छच्या आखातातलं नरारा लांब, पण फोटो बघून जीव तिकडे ओढतो. बायको सोबत आहे, आणि आईपण. आईचं वय ६८, गुडघे कुरकुरतात. तिपाई न्यावी का? खाऱ्या हवेने लेन्स खराब होते म्हणतात, ते कितपत खरं? आणि पहाटे पोचायचं की संध्याकाळी?

पोटोबा:
कंबोई. सकाळी सेव-उसळ हाणून निघायचं, स्तंभेश्वराचं दर्शन घ्यायचं, देऊळ पाण्यात जाताना आणि बाहेर येताना असे दोन फोटो काढायचे, संध्याकाळी घरी. एवढा विचार कशाला?

मांजलपूरची_मावशी:
पोटोबा, दर्शनाला जायचं तर तुझं बरोबर आहे. दांडियाबाजारकर, तू फोटोंसाठी चाललायस, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहाट की संध्याकाळ हा प्रश्नच आधी बाजूला ठेव. आपल्या दोन्ही आखातांत घड्याळ सूर्याचं नाही, पाण्याचं चालतं. भरती-ओहोटीचं कोष्टक आधी, सुट्टीचा अर्ज नंतर.

खंभातच्या आखातातल्या भरत्या देशात सर्वांत मोठ्या. भावनगरकडे उधाणाला भरती आणि ओहोटीत दहा मीटरच्या वर फरक पडतो, म्हणजे तीन मजली इमारतीएवढं पाणी सहा तासांत चढतं. कंबोईला ओहोटी लागली की मैलभर चिखल उघडा पडतो आणि नवख्याला वाटतं, चला, जरा पुढे जाऊन काढू. अजिबात जायचं नाही. तो गाळ पाय धरून ठेवतो आणि पाणी तुझ्यासाठी थांबत नाही. पक्क्या जागेवर बसून निवट्या (गाळावर सरपटणारा मासा) टीप. ओल्या गाळावर दोन नर एकमेकांसमोर येऊन पाठीवरचा पंख उभारतात, तोंडं वासतात, मधूनच एखादा हवेत उसळी घेतो. त्यासाठी ४००चं टोक पुरतं. पोट जमिनीला टेकवून काढलास तरच फोटो. उभ्याने काढलास तर नुसता चिखलावरचा ठिपका.

पण तुझ्या मनात नरारा आहे आणि मी तरी तिथेच जा म्हणेन. जामनगरपासून साठेक किलोमीटर, वाडीनारजवळ. मरीन नॅशनल पार्कचा भाग आहे (पार्क १९८२ साली जाहीर झालं, देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान). वनखात्याचा परवाना लागतो, सोबत गाइड घ्यायचा. ओहोटीला प्रवाळाच्या खडकावर चक्क पायी फिरता येतं. बोट नाही, नाकात पाणी नाही.

आता तारखेचं. पौर्णिमा किंवा अमावास्या झाल्यावर दोन-तीन दिवसांनी जा. उधाणाचा जोर तेव्हाही असतो, आणि ओहोटी रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकत असल्याने ती चांगलं उजाडल्यावर मिळते. अष्टमीच्या आसपास गेलास तर भांगाचं पाणी असतं, ते पुरेसं मागे हटतच नाही. शनिवार-रविवार जुळत नसेल तर रजा टाक. कोष्टकात सिक्का किंवा ओखा बंदर बघ, आणि नुसती वेळ बघून थांबू नकोस, शेजारचा मीटरचा आकडाही बघ. कच्छच्या आखातात दिवसाच्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात. आकडा जेवढा लहान, तेवढा खडक जास्त उघडा.

पाणी उतरत असताना डबकी बघायची. ऑक्टोपस खडकाच्याच रंगाचा होऊन बसलेला असतो. गाइड बोट दाखवतो तरी आपल्याला दिसत नाही. मग त्याचा श्वास दिसतो: एक पिशवी फुगते, बसते, फुगते, बसते. पोलरायझर लाव, डबक्याकडे सरळ वरून न बघता तिरकं बघ आणि फिल्टर हळूहळू फिरव. एका ठिकाणी आकाशाची चकाकी पुसली जाते आणि त्याची ती आडवी फट असलेली बाहुली थेट तुझ्याकडे बघत असते. पोलरायझर दीड-दोन स्टॉप उजेड खातो, तेवढा आयएसओ वाढव. पक्ष्यांकडे वळलास की फिल्टर काढून खिशात.

पाणी चढायला लागलं की लोक गाड्यांकडे पळतात आणि माझी खरी मजा तेव्हा सुरू होते. उतरत्या पाण्यामागे पक्षी तुझ्यापासून लांब लांब चालत जातात, त्यांचा पाठलाग करून काही हाती लागत नाही. भरती त्यांना उलट किनाऱ्याकडे ढकलते. गाइड सांगेल त्या पक्क्या जागेवर परत यायचं आणि गप्प बसायचं. तेच तुझ्याकडे येतात.

क्रॅब प्लव्हरसाठी तर हाच एक उपाय. काळा-पांढरा, जाड काळी चोच. हा पक्षी वाळूत बीळ खणून अंडं घालतो, तेही अरबस्तान-इराणच्या किनाऱ्यांकडे. आपल्याकडे हिवाळ्याचा पाहुणा. चार पावलं धावतो, थबकतो, मान तिरकी करतो, पुन्हा धावतो. खेकडा सापडला की आधी झटकून झटकून त्याचे पाय मोडतो, मग धड गिळतो. शटर १/१६०० च्या खाली नको. आणि गडद ओल्या गाळावर पांढरा पक्षी असला की कॅमेरा फसतो, फोटोत पाठ जळून कोरी होते. एक्स्पोजर -०.७ वर ठेवून सुरुवात कर.

एक राग आहे तोही लिहून टाकते. पर्यटकांना खूश करायला कधी कधी कोणी पफर फिश पाण्याबाहेर काढून फुगवून दाखवतं. सुरू करण्याआधीच सांगायचं, "भाऊ, हाथ ना लगाडता." फुगलेला मासा म्हणजे घाबरलेला मासा, त्याचा फोटो कसला काढायचा? शंख-शिंपलेही तिथेच राहू दे.

खारट:
मावशींचं सगळं मान्य, पण कोष्टक कशाला? तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, आमच्या रत्नागिरीत शेंबडं पोरही सांगेल. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता पूर्ण भरती. बाकी फोटोंना कोकणच बरं, सूर्य समुद्रात बुडतो, आणखी काय पाहिजे?

मांजलपूरची_मावशी:
खारटभाऊ, तो हिशेब कोकणपट्टीचा. खंभातच्या आखातात पाणी आत शिरेपर्यंत भरतीला काही तास उशीर होतो. तुमच्या पाऊणपटीवर कंबोईला कोणी गाळात उतरला तर पंचाईत.

आणि सूर्य बुडताना गलबत छान दिसतं, पक्षी मात्र काळा पडतो. कोकणचा किनारा पश्चिमेला तोंड करून, म्हणून पक्ष्यांवर उजेड सकाळीच. नराऱ्याच्या बाजूला समुद्र साधारण उत्तरेला आणि डिसेंबरचा सूर्य दिवसभर दक्षिणेकडून. म्हणजे ओहोटी दुपारी आली तरी उजेड बराचसा आपल्या पाठीमागूनच. हिवाळ्यात ही चैन कोकणात नाही.

खारट:
उजेडाचं पटलं. गलबताचं नाही. 🙂
दांडियाबाजारकर, लेन्सचं मी सांगतो, खाऱ्या हवेतच वाढलोय. किनाऱ्यावर लेन्स बदलायची नाही. झूम लावून टाक, देखाव्याला मोबाइल वापर. शिंतोडे उडाले तर कोरड्या फडक्याने घासू नकोस, मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं, मग कोरडं. झूमची नळी पुढे आलेली असतानाच पुसायची, नाहीतर मीठ आत ओढलं जातं. तिपाईचे पाय रात्री बादलीभर गोड्या पाण्यात.

मांजलपूरची_मावशी:
नराऱ्याला तिपाई नेऊच नकोस. गाइड पुढे, तू मागे, पाय खडकाच्या भेगांत. पाठीवरच्या पिशवीवर कोपर टेक, पुष्कळ झालं. पायात नाडीचे जुने कॅनव्हास बूट घाल. चप्पल गाळ काढून घेतो.

सरदार_मार्केट:
फोटोंतलं काही कळत नाही, पण विषय निघालाच आहे तर. ओखामंडळ (ओखा-द्वारकेचा भाग) आपल्या बडोदा संस्थानातच होतं. महाराजांच्या सरकारने तिथल्या सागरी जीवांची पाहणी जेम्स हॉर्नेल या प्राणिशास्त्रज्ञाकडून करवून घेतली होती, अहवालाचा पहिला भाग १९०९चा. त्यामुळे दांडियाबाजारकर, तू काही परक्या समुद्राला चाललेला नाहीस.

दांडियाबाजारकर:
वा! रजेचा अर्ज उद्याच टाकतो, पौर्णिमेनंतरचा मंगळवार-बुधवार. आईचं मात्र राहिलं. खडकावर तिला चालवायची हिंमत होत नाही.

मांजलपूरची_मावशी:
नाहीच चालवायचं. पहिल्या दिवशी सगळे मिळून खिजडियाला जा, जामनगरच्या अगदी जवळ. संस्थानकाळातला बांध आहे, एका बाजूला गोडं पाणी, दुसऱ्या बाजूला खारट. तळ्यातला पक्षी आणि समुद्रातला पक्षी आईंना एकाच रस्त्यावरून बघायला मिळतील. दुर्बीण त्यांच्या हातात दे, कॅमेऱ्यापेक्षा जास्त पक्षी त्याच शोधतील. फ्लेमिंगो असले तर त्यांना उडवायला कोणी टाळ्या वाजवू देऊ नका.

दुसऱ्या दिवशी नराऱ्याला तू आणि सूनबाई उतरा, आईंना गाडीपाशी सावलीत खुर्ची. भाकरवडीचा डबा त्यांच्याकडेच ठेव, खडकावर खाणं न्यायचं नाही. पाणी आणि टोपी मात्र घे, तिथे झाडाची सावली नाही. आणि गाइडला निघतानाच विचार, परत कुठल्या वाटेने यायचं आणि किती वाजता. तो वळ म्हणाला की वळायचं, मग समोर क्रॅब प्लव्हर का नाचेना.