माईक दिला, पण निर्णय?

तरुणांना नेतृत्व शिकवणाऱ्या फेलोशिपबद्दलच्या या चर्चेत दोघातिघांनी लिहिलंय की अशा फेलोशिपमधून नेते घडत नाहीत, नेतृत्व अंगातच असावं लागतं, बाकी सगळं प्रमाणपत्र आणि फोटो. फोटोंबद्दल पटलं. 'अंगातच असावं लागतं' हे मात्र अजिबात पटलं नाही. मुलांच्या सहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी १९९२ साली युनिसेफसाठी लिहिताना त्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्या म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं बोलू देणं. या तिन्हींना ते सहभाग मानतच नाहीत. बरेच युवा कार्यक्रम तिथेच अडकतात, आणि मग दोष मुलांच्या 'अंगात नसण्याला' दिला जातो.

मी काही वर्षं फेलोंची मार्गदर्शक होते. पहिल्या बैठकीत एक मुलगी हातातल्या कागदाची घडी सारखी उघडत-मिटत बसली होती. तिला बोलायला सांगितलं तेव्हा ठराव लिहूनसुद्धा झाले होते! पुढच्या खेपेला आम्ही तिला भाषण करायला लावलंच नाही. बैठकीत कोणते विषय घ्यायचे ते तिने ठरवायचं आणि उपक्रमाच्या छोट्या निधीचा हिशेब तिने ठेवायचा, एवढंच. महिनाभरात तिने भर बैठकीत विचारलं, "हा खर्च कुणाला विचारून केला?" खोली गप्प. त्यानंतर लोक अडचणी घेऊन थेट तिच्याकडे जायला लागले, आम्हाला वगळून. मला त्याचा फार आनंद झाला.

तुम्ही पाहिलेल्या फेलोशिपमध्ये खर्चावर सही कुणाची असते?