कागद न मागता फक्त बोलून ठरवायचं? डिस्नीचा रांगेचा नियम मला तरी पटत नाही

रेवती_टॅम्पा

सुट्ट्या जवळ आल्या की ऑरलँडोला येणाऱ्या मंडळींचा एक प्रश्न ठरलेला असतो. "आईचे गुडघे गेलेत. व्हीलचेअर घेतली की डिस्नीत रांग लागत नाही ना?" लागते. पण धागा त्यासाठी काढलेला नाही, रांगेत थांबता येणं आणि चालता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत त्यासाठी काढलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डिस्नीत डिसॅबिलिटी ऍक्सेस सर्व्हिस नावाची सोय आहे. (आद्याक्षरं मराठीत लिहिली की 'डास' होतो, त्याला इलाज नाही.) यात रांग टळत नाही, फक्त रांगेत उभं राहणं टळतं. समजा राइडला आत्ता ७० मिनिटांची रांग आहे. ऍपवर साधारण तेवढ्याच वेळानंतरची वेळ मिळते, तोवर सावलीत बसा, खा, औषध घ्या, मग लाइटनिंग लेनमधून (पास असलेल्यांची वेगळी, जलद रांग) आत जा. एका वेळी एकाच राइडची वेळ घेता येते.

फ्लोरिडात, म्हणजे ऑरलँडोच्या डिस्नी वर्ल्डमध्ये, २० मे २०२४ पासून आणि कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये १८ जूनपासून याची व्याख्या आवळली. स्वमग्नता किंवा तशाच विकासात्मक अपंगत्वामुळे ज्यांना साध्या रांगेत फार वेळ थांबता येत नाही, त्यांच्यासाठीच आता ही सोय आहे. अर्ज व्हिडिओ कॉलवर. समोर डिस्नीचा कर्मचारी, आणि त्याला वाटलं तर इन्स्पायर हेल्थ अलायन्स या कंपनीचा आरोग्य व्यावसायिकही येतो. डॉक्टरचं पत्र मागत नाहीत.

माझा आक्षेप सरळ आहे. क्रोन्स या आतड्याच्या आजाराच्या रुग्णाला शौचाची घाई पाच मिनिटांचीही सवड देत नाही. केमोथेरपी चालू असलेल्याला उन्हात तासभर उभं राहणं झेपत नाही. त्यांना रांगेत थांबता येत नाही हे उघड आहे, तरी त्यांचं दुखणं 'विकासात्मक' नाही म्हणून ते बाहेर. ही चाळणी गरजेची नाही, आजाराच्या नावाची आहे.

अप्पा बेलापूरकर

रेवतीताई, कळकळ पोचली, पण गणित सुटलंय तुमच्याकडून.

आकडे सोयीचे घेतो. राइड ताशी १,२०० माणसं नेते. लाइटनिंग लेनमधून ९०० गेली तर साध्या रांगेला उरतात ३००. पुढे ३०० माणसं उभी असतील तर एक तास. लाइटनिंग लेन ६०० वर आणा, त्याच ३०० माणसांना अर्धा तास लागतो. यंत्र तेच, माणसं तीच. डासवाले त्याच लेनमधून आत जातात. म्हणजे प्रत्येक जादा पास साध्या रांगेतल्या कोणाच्या तरी वेळेतून येतो. त्या रांगेतही मधुमेही असतात, गरोदर बायका असतात, कडेवर लेकरू घेतलेले बाप असतात.

शिवाय पास एका माणसाचा नसतो, त्याच्यासोबतच्यांचाही असतो. सर्वसाधारणपणे चार जण, घरचे जास्त असतील तर तेही. पाच वर्षांत वापर तिपटीहून वाढला असं डिस्नीचं म्हणणं. अपंगत्व काही पाच वर्षांत तिप्पट झालं नाही.

आणि इतिहास विसरू नका. २०१३ पर्यंत गेस्ट असिस्टन्स कार्ड होतं, ते दाखवलं की बऱ्याच ठिकाणी लगेच आत. मग न्यूयॉर्कची श्रीमंत कुटुंबं ताशी १३० डॉलर देऊन अपंग 'गाइड' भाड्याने घेत असल्याची बातमी आली. त्याच वर्षी ऑक्टोबरात कार्ड बंद झालं आणि ही सध्याची वेळेची पद्धत आली. सैल दरवाजा ठेवला की काय होतं ते एकदा बघून झालंय.

नॉनस्टॉप नागपूरकर

अप्पांशी सहमत, पण उपाय मुलाखत कसा? दाखला मागा न बाप्पा! ऑरलँडोतलं दुसरं मोठं उद्यान, युनिव्हर्सल, तेच करते. आयबीसीसीईएस नावाच्या संस्थेच्या संकेतस्थळावर ऍक्सेसिबिलिटी कार्ड काढायचं, फुकट आहे. फोटो, अडचणींची माहिती आणि डॉक्टर किंवा तत्सम व्यावसायिकाचं पत्र चढवायचं. भेटीच्या निदान ४८ तास आधी. मग पार्ककडून संपर्क होतो, गेस्ट सर्व्हिसेसला पास मिळतो. कागद आहे तर आहे, नाही तर नाही. कॉलवर कोण छान बोलतो त्यावर निकाल लागत नाही.

ओटी_मानसी

ऑक्युपेशनल थेरपीच्या बाजूने लिहिते.

दाखल्यावर एवढा विश्वास असणाऱ्यांनी आपल्याकडचा दाखला एकदा नीट वाचावा. त्यावर अपंगत्वाचा प्रकार असतो आणि टक्के असतात. ४० किंवा त्याहून जास्त असतील तर बहुतेक योजना लागू. ते टक्के शरीराची किंवा बुद्धीची हानी मोजतात, रांगेत किती वेळ थांबता येईल ते मोजत नाहीत. एका पायाला पोलिओ झालेला माणूस ६० टक्क्यांचा दाखला घेऊन व्हीलचेअरवर दोन तास मजेत रांगेत बसू शकतो. स्वमग्नतेचा दाखला ४० टक्क्यांचा असलेलं मूल आठव्या मिनिटाला कान झाकून जमिनीवर पडू शकतं. आणि २०२४ मध्ये महाराष्ट्रात बोगस दाखल्यांवरून जो गदारोळ झाला, त्यानंतरही 'कागद आहे तर आहे' म्हणणं जरा धाडसाचं आहे.

म्हणून मुलाखत ही पद्धत मला चूक वाटत नाही. चूक आहे ती मुलाखतीत विचारतात काय आणि लोक सांगतात काय यात. पालक कॉलवर निदान सांगतात. "एडीएचडी आहे, सेन्सरी प्रोसेसिंग आहे, २०१९ ला असेसमेंट झालंय." समोरच्याला यातून काहीच कळत नाही. सांगायचं ते हे:

रांगेत किती मिनिटांनी त्रास सुरू होतो, आणि सुरू झाला की दिसतो कसा (पळून जाणं, स्वतःला मारून घेणं, शेजारच्याला ढकलणं). हेडफोन, टॅब, खाऊ, फिरती खुर्ची यातलं काय करून पाहिलं आणि ते कुठे अपुरं पडलं. सावरायला किती वेळ लागतो. आणि रांगेतल्या कशाचा त्रास होतो: गर्दीचा, अंधाराचा, की कधी संपेल ते न कळण्याचा?

ज्याच्यासाठी अर्ज आहे ती व्यक्ती कॉलवर हजर लागते, मूल असेल तरी. फोटो घेतात. तेव्हा मूल झोपेच्या वेळी बसवू नका. अर्ज भेटीच्या बराच आधी करता येतो, आदल्या रात्रीपर्यंत थांबू नका. आणि खोटं तर अजिबात नको. खोटी माहिती आढळली तर कायमची प्रवेशबंदी आणि घेतलेले पास जप्त, असं नियमातच आहे.

ब्रिटनमध्ये निंबसचं ऍक्सेस कार्ड आहे, ते मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. कागदपत्रं एकदाच त्या संस्थेला द्यायची, ती तपासून कार्डावर चिन्हं देते. उभं राहण्या-रांगेत थांबण्याची अडचण, शौचालय तातडीने लागणं, सोबत एक मदतनीस हवा, अशी. गेटवरच्या माणसाला आजाराचं नाव कळत नाही, कळायची गरजही नसते.

वकीलसाहेब

भावना बाजूला ठेवू. अमेरिकेचा १९९० चा अपंगत्व कायदा खासगी उद्यानांनाही लागू आहे. तीन प्रश्न असतात. मागितलेला बदल वाजवी आहे का, त्या व्यक्तीसाठी गरजेचा आहे का, आणि त्याने मूळ सेवेचं स्वरूपच बदलतं का. पायाच्या आजारामुळे चालणं कठीण असलेला गोल्फपटू केसी मार्टिन याला स्पर्धेत चालण्याऐवजी गाडी वापरू द्यायची का, २००१ मध्ये यावर सर्वोच्च न्यायालयाने याच कसोटीवर 'द्या' म्हटलं होतं. गाडीने गोल्फचा खेळ बदलत नाही.

डिस्नीवर २०१३ नंतर खटले झाले. स्वमग्न मुलांच्या पालकांना त्यातून थांबावं न लागणारा प्रवेश हवा होता. २०२० मध्ये फ्लोरिडातल्या न्यायाधीशांनी डिस्नीच्या बाजूने निकाल दिला. तसा प्रवेश गरजेचा असल्याचं सिद्ध झालं नाही आणि तो दिला तर उद्यानाची व्यवस्थाच बदलेल, हे कारण. तेव्हा 'हक्क आहे' एवढं म्हणून भागत नाही.

रेवती_टॅम्पा

वकीलसाहेब, तो निकाल माझ्या विरोधात कसा जातो? त्या पालकांना पास मिळालेलाच होता, त्यांना त्याहून जास्त हवं होतं. इथे लोकांना मूळ पासच नाकारला जातोय. हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यावर फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियात दावाही दाखल झालाय. तुमच्याच तीन प्रश्नांवर क्रोन्स घासून बघा. वाजवी? अगदी हीच सोय दुसऱ्याला देताच आहात. गरजेची? हो. स्वरूप बदलतं? स्वमग्न मुलाने बदलत नसेल तर याने कसं बदलेल?

वकीलसाहेब

बदलू शकतं, संख्येने. दहा जणांना दिलं तर सोय, दहा हजारांना दिलं तर दुसरी रांग. शिवाय डिस्नी म्हणेल आम्ही क्रोन्सवाल्याला नाकारलेलं नाही, वेगळी सोय दिली आहे. ती पुरेशी आहे का, हा पुराव्याचा मुद्दा. पण तुमचा फरक मान्य, २०२० च्या निकालाने हे मिटत नाही.

चिंगी

ती 'वेगळी सोय' काय आहे ते इथे कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

एक, रांगेतून बाहेर पडून परत येणं. प्रवेशापाशीच कर्मचाऱ्याला सांगायचं, तो परत कुठून यायचं ते सांगतो. सोबतचे रांगेत थांबतात, तुम्ही जाऊन येता आणि बसण्याआधी त्यांना गाठता. लोकांना शंभर वेळा 'एक्स्क्यूज मी' म्हणावं लागत नाही. यात गोची एकच, पण मोठी: माणूस एकटा आला असेल किंवा आई आणि पाच वर्षांचं पोर एवढेच असतील तर जागा धरणार कोण?

दुसरं, काही राइडवर तिथेच परत यायची वेळ देतात. राइडपर्यंत चालत जाऊन मागावी लागते, म्हणजे ज्याची ताकद मोजकी त्याचीच पायपीट. विजांमुळे राइड बंद झाली तर ती चाल फुकट. ऑरलँडोत उन्हाळ्यात दुपारी हे नेहमीचं आहे.

तिसरी रायडर स्विच. एक मोठा माणूस बाहेर थांबतो, बाकीचे जाऊन आले की तो पुन्हा पूर्ण रांग न लावता जातो. उंची कमी म्हणून बसता न येणाऱ्या लहान मुलांच्या घरच्यांसाठी आहे, पण न बसणाऱ्या नातेवाइकाजवळ कोणी थांबायचं असेल तरी उपयोगी.

झुलता_पूल

सगळे रांगेच्या न्यायाबद्दल बोलताहेत, पैशाबद्दल कोणी नाही. १९९९ पासून फास्टपास, म्हणजे लाइटनिंग लेनचंच आधीचं रूप, फुकट होता. ऑक्टोबर २०२१ ला डिस्नी वर्ल्डमध्ये त्याच लेनला पैसे लागायला लागले. २०२४ च्या अखेरीस त्याच लेनचा महागडा प्रीमियर पास आला तो दिवसाला माणशी १२९ ते ४४९ डॉलर. लेन फुकट होती तोवर डास चोरून कोणाला काय मिळणार होतं? लेनला किंमत लावली, मग फुकटच्या वाटेवर गर्दी वाढली, मग गर्दी वाढली म्हणून अपंगांची व्याख्या आवळली. अप्पांच्या गणितात ९०० माणसं लाइटनिंग लेनमधून जातात, त्यातली पास विकत घेतलेली किती ते अप्पा सांगत नाहीत.

अप्पा बेलापूरकर

ते डिस्नीही सांगत नाही. पण मुद्दा खरा आहे, विकलेले पास कमी केले तरी माझं गणित तेवढंच सुटतं. एवढं मान्य. व्याख्या मात्र सैल करा म्हणणार नाही. लेन फुकट होती तेव्हाच २०१३ चं प्रकरण झालं होतं, हे विसरता तुम्ही.

यंत्रमानव

व्हीलचेअरवाल्यांचं वेगळं सांगतो, कारण डास आणि व्हीलचेअर यांची सरमिसळ फार होते.

फ्लोरिडातल्या बहुतेक रांगा व्हीलचेअर जाईल एवढ्या रुंद आहेत, म्हणून फक्त चालता येत नाही या कारणावर डास मिळत नाही. कॅलिफोर्नियाचं डिस्नीलँड १९५५ चं, कायद्याच्या ३५ वर्षं आधीचं. तिथल्या काही जुन्या रांगांत पायऱ्या आणि अरुंद वळणं आहेत, तिथे परतीची वेळ देऊन दुसऱ्या दाराने नेतात. खुर्ची किंवा स्कूटर ३६ इंचांहून रुंद किंवा ५२ इंचांहून लांब असेल तर आत येत नाही. स्कूटर चालवणारा १८ वर्षांचा हवा.

खरी अडचण राइडच्या दाराशी येते. 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड', जंगल क्रूझ, किलिमांजारो सफारी इथे खुर्चीसकट बसता येतं (सफारीत स्कूटर नाही, साधी खुर्ची). रोलरकोस्टरवर खुर्ची सोडून स्वतः सरकावं लागतं आणि कर्मचारी उचलत नाहीत, त्यांना परवानगीच नाही. घरचे दोन जण उचलू शकतील का, हे घरीच मोटारीच्या सीटवर करून पाहा.

इथे नियम कडक असण्यामागे यांत्रिक कारण आहे. मांडीवरची दांडी मांड्यांना अडकवून माणसाला धरते. पाय वरपासून नसतील तर दांडी बंद दिसते, पण धरत काहीच नाही. २०११ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या डेरिअन लेक उद्यानात दोन्ही पाय नसलेला एक माजी सैनिक रोलरकोस्टरवरून फेकला जाऊन मरण पावला. दोन्ही पाय हवेत असा त्या राइडचा नियम होता, तरी बसू दिलं होतं. दुसरं कारण सुटकेचं. राइड उंचावर अडकली तर अरुंद पायऱ्यांनी उतरावं लागतं. तेव्हा दांडीसमोर 'मला भीती नाही वाटत' याला अर्थ नसतो. उलट बाजूने, कृत्रिम पाय दिसला की सगळ्याच राइडना सरसकट 'नाही' हा आळस आहे. कुठल्या राइडला कुठला अवयव का लागतो, हे निर्मात्याच्या पुस्तिकेतून काढून राइडवार छापता येतं.

नॉनस्टॉप नागपूरकर

हे शेवटचं आपल्याकडच्या उद्यानांनी वाचावं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'वाजवी सोय' आहे, कलम ४६ मध्ये खासगी सेवा देणारेही येतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुगम्यतेचे निकष नुसते शिफारशीचे ठेवून चालणार नाही, बंधनकारक नियम करा. दाखल्याचं माझं म्हणणं मात्र कायम आहे. मानसीताई, निंबसही शेवटी कागदच तपासते न?

ओटी_मानसी

तपासते, पण तिथे कागद गरजेचा पुरावा असतो. तुमच्या पद्धतीत कागद हीच गरज होऊन बसते.

मावशी_ठाणे

चर्चा छान चालली आहे, पण गुडघेवाल्या आजीचं काय करायचं ते अजून नाही कळलं. पुढच्या महिन्यात निघताहेत.

चिंगी

मावशी, डासचा अर्ज करूच नका, वेळ जाईल. व्हीलचेअर किंवा स्कूटर ठरवा. आजींनी कधी स्कूटर चालवली नसेल तर खुर्चीच बरी, गर्दीत स्कूटर लोकांच्या घोट्यांना लागते. उद्यान उघडायच्या अर्धा तास आधी गेटवर, दुपारी १ ते ५ हॉटेलवर, संध्याकाळी परत. बाहेरचं खाणं आत चालतं, काचेचं भांडं नको. इन्सुलिन असेल तर फर्स्ट एडमध्ये थंड ठेवून देतात. आणि सफारीला खुर्चीसकट न्यायचंय हे रांगेच्या तोंडाशीच सांगा, त्या गाड्यांसाठी थांबावं लागू शकतं.