प्रति: थोरिनच्या प्रसंगाला नाझगुलची थीम का?
वर विचारलंय की 'द हॉबिट'च्या पहिल्या भागात (2012) बुटक्यांचा म्होरक्या थोरिन त्याचा शत्रू असलेल्या ऑर्क अझोगवर चाल करून जातो, तिथे 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या नाझगुलची, म्हणजे काळ्या घोडेस्वारांची, थीम कशी काय. दोन्हीकडचा संगीतकार हॉवर्ड शोर, त्याला नवीन काही सुचलं नाही का? संगीतकाराला एवढ्यात मोडीत काढू नका. याच प्रसंगासाठीचं वेगळं संगीत अल्बमवर आहे, 'आउट ऑफ द फ्राइंग पॅन' ऐका.

ध्वनिमुद्रण आटोपलं तरी चित्रपटाची कापाकापी चालूच असते. प्रसंग चार सेकंदांनी आखडला की म्युझिक एडिटर ठेका पकडून एखाददुसरा बार (तालाचं एक आवर्तन) उडवतो आणि सांधा झांजेच्या दणक्याखाली नाहीतर तलवारींच्या खणखणाटात लपवतो. तंतुवाद्यं, ब्रास, कोरस वेगवेगळ्या स्टेम्सवर (स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांवर) असतील तर नुसता कोरसही गाळता येतो. आणि ठरलेलं संगीत पुरेसं भारी वाटलं नाही, तर जुन्याच रेकॉर्डिंगचा तुकडा आणून बसवतात. याला ट्रॅकिंग म्हणतात. इथे तसंच काहीसं झालं असावं.

बाकी ती थीम थोरिनला शोभत नाही, हे शंभर टक्के मान्य. आधीचे चित्रपट पाहिलेला माणूस तिथे काळे घोडेस्वारच शोधत बसतो.