अनुभव धागा : चालायला लागलेले मूल आणि हवेचा किल्ला

जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईतल्या मैदानांवर चिखल असतो, बागांतल्या घसरगुंड्या ओल्या असतात आणि नुकतेच धावायला शिकलेले मूल घराच्या दोन खोल्यांत मावत नाही. म्हणून आमच्यासारखे अनेक पालक मॉलमधल्या बंदिस्त खेळघरांकडे वळतात. जत्रेत ज्याला सगळे सरसकट ‘मिकी माउस’ म्हणतात, तसले हवेचे किल्ले, बॉल पूल आणि ट्रॅम्पोलिन तिथे एका छताखाली असतात. एक ते तीन वर्षांच्या मुलांना अशा ठिकाणी नेण्याचे अनुभव आपण येथे लिहावेत, ही विनंती. मुलाचे वय, वार आणि वेळ अवश्य लिहावी, जागेचे नाव मात्र लिहू नये. सुरुवात मी करते.

दादर, मुलगी १९ महिन्यांची

आम्ही पहिल्यांदा गेलो तो शनिवार होता आणि संध्याकाळचे पाच वाजले होते. काउंटरवर ग्रिपचे, म्हणजे न घसरणारे मोजे विकत घ्यावे लागले. त्यांतला सर्वांत लहान आकारही तिच्या पावलाला मोठा होता, त्यामुळे ते दर दोन मिनिटांनी गळून पडत होते. किल्ल्यात नऊ-दहा वर्षांची मुले उड्या मारत होती. त्यांतल्या एकाने तिच्या शेजारी जोरात उडी घेतली, त्याच्या वजनाने खाली दबलेला पृष्ठभाग पुन्हा वर आला आणि माझी मुलगी अक्षरशः फेकली जाऊन तोंडावर पडली. ओठ फुटला. त्या मुलाचा यात काहीही दोष नव्हता, कारण तो तिथे खेळायलाच आला होता. लहान आणि मोठ्या मुलांना एकाच वेळी आत सोडायला नको होते आणि ते पाहूनही मी तिला आत नेले. पंधरा दिवसांनी मंगळवारी सकाळी अकरा वाजता पुन्हा गेलो, तेव्हा आत तिच्याच वयाची तीन मुले होती. तिने उडी एकही मारली नाही. ती रांगली, लोळली आणि गाल जमिनीला टेकवून आतल्या हवेची घरघर बराच वेळ ऐकत राहिली. तेवढ्यावरच ती इतकी खूश होती की परतीच्या टॅक्सीत तिला लगेच झोप लागली.

मुलुंड, मुलगा २ वर्षे १० महिन्यांचा

आपण लिहिलेले वाचून राहवले नाही. आमच्या बाबतीत तो मोठा मुलगा म्हणजे मीच होतो. ट्रॅम्पोलिनवर मी मुलाचे हात धरून त्याच्याबरोबर उड्या मारत होतो आणि तो खदखदून हसत होता. एका उडीनंतर तो खाली बसला आणि पाय टेकवेना. सूज नव्हती, खरचटलेही नव्हते, त्यामुळे मुरगळला असेल असे समजून आम्ही एक रात्र काढली, याचे मला आजही फार वाईट वाटते. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये गुडघ्याच्या किंचित खाली, नडगीच्या हाडाला बारीक तडा दिसला आणि प्लास्टर घालावे लागले. डॉक्टरांनी सांगितले की या वयातल्या मुलांत ही दुखापत ओळखीची आहे: जड माणूस आणि हलके मूल एकत्र उडी मारतात, तेव्हा जड माणसाच्या उडीचा जोर मुलाच्या पायावर येतो, आणि त्यासाठी मुलाने पडण्याचीही गरज नसते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये ट्रॅम्पोलिनबाबत दिलेल्या इशाऱ्यातही एका वेळी एकानेच उडी मारावी, असे म्हटले आहे. मुलाचा हात धरणे म्हणजे त्याला सांभाळणे, अशी माझी समजूत होती. पाय टेकवायला नकार देणाऱ्या मुलाला कृपया त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

गिरगाव, नात २ वर्षांची

माझ्या मुलाला मी कमला नेहरू उद्यानात म्हातारीचा बूट दाखवायला नेत असे. नातीला या खेळघरात नेते. पहिल्या दोन वेळा ती ब्लोअरच्या, म्हणजे किल्ल्यात हवा भरणाऱ्या पंख्याच्या आवाजाला घाबरून माझ्या मांडीवरून उतरलीच नाही. तासाचे पैसे वाया गेले असे सुनेला वाटले, परंतु मला तसे वाटत नाही, कारण तिसऱ्या वेळी ती स्वतःच मोजे पुढे करून आत गेली.

कांदिवली, जुळे मुलगे, अडीच वर्षांचे

आम्ही आत असताना वीज गेली. हे किल्ले फुग्यासारखे बंद नसतात. हवा शिवणींतून सतत बाहेर जाते आणि ब्लोअर ती सतत भरत राहतो, त्यामुळे तो थांबताच भिंती हळूहळू आत झुकू लागतात. जनरेटर सुरू होईपर्यंत मी दोघांना दोन काखांत घेऊन बाहेर आलो होतो. तेव्हापासून मी दोघांसोबत एकटा जात नाही.

बोरिवली, मुलगी ३ वर्षांची

भेटीनंतर पाचव्या दिवशी तिच्या तळहातांवर आणि तोंडात फोड आले. पावसाळ्यात होणारा हात-पाय-तोंडाचा संसर्ग होता. तो तिथूनच आला असे मी ठामपणे म्हणणार नाही, कारण ती पाळणाघरातही जाते. मात्र या विषाणूवर सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही, म्हणून आता बाहेर पडताच आम्ही तिचे हात साबणाने धुतो.

चेंबूर, मुलगा ३ वर्षांचा

माझ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट आहे, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेले उपकरण; त्याचा बाहेरचा भाग, प्रोसेसर, कानामागे लावलेला असतो. प्लास्टिकची घसरगुंडी, बॉल पूल आणि ट्रॅम्पोलिन यांवर अंग घासून स्थिर वीज निर्माण होते आणि तिच्यामुळे कानामागच्या प्रोसेसरमधला प्रोग्रॅम बिघडू शकतो. म्हणून आमच्या ऑडिओलॉजिस्टच्या (श्रवणतज्ज्ञांच्या) सांगण्यावरून आत जाण्यापूर्वी आम्ही तो काढून डबीत ठेवतो. मग मुलगा पूर्ण शांततेत खेळतो आणि माझी हाक त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. यासाठी मी नेहमी एकच पिवळी ओढणी घेऊन जाते आणि जाळीबाहेर त्याला दिसेल अशा एकाच जागी उभी राहते. ओढणी हलवली की बाहेर यायचे, हे आम्ही घरी गादीवर खेळून पक्के केले आहे. गेल्या बुधवारी मी ती हलवली, तेव्हा त्याने एक बोट वर करून आणखी एक फेरी मागितली आणि ती फेरी संपल्यावर तो आपणहून बाहेर आला.