मदत हवी आहे: बाद फेरीतल्या बरोबरीसाठी पेनल्टी शूटआउटला पर्याय कोणता?

मंडळी, एका नियमावलीसाठी मदत हवी आहे. प्रश्न एकाच कलमाचा आहे, पण त्यात बरंच काही गुंतलंय, म्हणून सविस्तर लिहितो.

चौदा वर्षांखालच्या मुलांच्या एका फुटबॉल स्पर्धेचे नियम यंदा नव्याने लिहिले जाताहेत. बाद फेरीचा सामना बरोबरीत सुटला तर निकाल कसा लावायचा, हे कलम माझ्याकडे दिलंय. आजवर वेळ संपली की थेट शूटआउट असायचं, म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीने पेनल्टी किक मारायच्या. मला ते बदलायचंय, पण त्याच्या जागी काय आणावं हे ठरत नाहीये.

शूटआउट बघताना माझं काय होतं ते आधी सांगतो, कारण तुमच्यापैकी बऱ्याच जणांचंही तेच होत असणार. २०२२ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना घ्या. मी अर्जेंटिनाचा चाहता, समोर फ्रान्स. ३-३ बरोबरी, एम्बाप्पेची हॅटट्रिक, जादा वेळेच्या अगदी शेवटी कोलो मुआनीचा फटका एमिलियानो मार्टिनेझने पाय लांबवून अडवला. मग पेनल्टींवर ४-२. माँटिएलने शेवटचा गोल मारला तेव्हा ओरडून घसा बसला, पण ज्यांच्या किक वाया गेल्या त्या फ्रान्सच्या कोमान आणि चुआमेनीकडे बघवत नव्हतं. दोन तास दोन्ही संघांनी जीव ओतला आणि पराभव मात्र त्या दोघांच्या नावावर लागला.

रोबेर्तो बॅज्जोचं तर काय बोलावं! १९९४ मध्ये इटलीला अंतिम सामन्यापर्यंत आणलं त्यानेच, बाद फेरीत पाच गोल करून. अंतिम सामन्यात त्याच्या आधी बारेसी आणि मास्सारो यांच्याही किक हुकल्या होत्या. बॅज्जोने गोल केला असता तरी ब्राझीलची पाचवी किक शिल्लक होतीच. तरीही लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो कमरेवर हात ठेवून मान खाली घातलेला बॅज्जोच.

‘शूटआउट म्हणजे नशीब’ अशी तक्रार नेहमी होते, ती मला तितकीशी पटत नाही. पोस्टला लागून आत जाणारा चेंडूही नशिबाचाच असतो. मला खुपतं ते हे की अकरा जणांचा पराभव एकाच्या माथी येतो आणि तो भरून काढायला त्याला एक मिनिटही मिळत नाही. मोठे व्यावसायिक खेळाडू निदान त्याची तयारी करून आलेले असतात. तेरा वर्षांच्या मुलाचं काय? गेल्या अंतिम सामन्यात ज्याची किक बारवरून गेली तो बक्षीस समारंभाला थांबलाच नाही. संघाचा एकमेव गोल त्यानेच केला होता, हे त्याला सांगायलाही कुणाला सापडला नाही.

अडचणी अशा: एकाच मैदानावर पाठोपाठ सामने असतात, त्यामुळे पुन्हा सामना खेळवता येणार नाही. जादा वेळ दिली तर फार तर पाच-पाच मिनिटांचे दोन भाग. मुलं दमलेली असतात. आणि नियम असा हवा की मैदानाबाहेर उभ्या असलेल्या पालकालाही तो चटकन कळावा.

गोल्डन गोल (जादा वेळेत पहिला गोल करेल तो विजयी) आणावा का? कुणाला किती कॉर्नर किक मिळाल्या ते मोजावं का? आणखी काही पर्याय माहीत असतील तर कृपया सांगा. केवळ मत असलं तरी चालेल, पण कारण द्या.

प्रतिसाद – जुना_स्टॉपर

शूटआउटवर राग काढण्याआधी ते का आलं ते बघा. १९६८ च्या युरो स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांचा उपांत्य सामना ०-० सुटला आणि निकाल लागला नाणेफेकीवर. इटलीचा कर्णधार फाक्केत्ती नाणेफेक जिंकला आणि इटली अंतिम फेरीत गेली. त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये इस्रायल चिठ्ठी टाकून बाद झालं. त्यानंतर इस्रायलच्याच योसेफ दागान यांनी पेनल्टींचा प्रस्ताव लावून धरला आणि १९७० मध्ये तो नियम झाला. चिठ्ठीत नाव निघालं नाही म्हणून घरी जाण्यापेक्षा पायाने निकाल लावणं केव्हाही बरं. पर्याय शोधा, पण हातात चेंडू असलेला पर्याय शोधा. नाणं नको.

प्रतिसाद – डावी_बगल

गोल्डन गोल अजिबात नको. तो काळ मी नीट पाहिलाय. कल्पना अशी होती की पहिला गोल झाला की सामना संपणार, म्हणून संघ तुटून पडतील. झालं उलटं. गोल खाल्ला की सगळंच संपतं या भीतीने कोणी पुढे जाईना. १९९६ च्या युरोत बिअरहोफ, १९९८ मध्ये पॅराग्वेविरुद्ध लोराँ ब्लाँ, हे गोल आठवायला छान वाटतात, पण बाकीची बरीच जादा वेळ बघवत नसे. मग सिल्व्हर गोल आणला: जादा वेळेच्या पहिल्या भागाअखेर जो पुढे तो विजयी. २००४ च्या युरोत ग्रीसने चेक प्रजासत्ताकाला त्यावरच हरवलं, आणि त्या स्पर्धेनंतर दोन्ही नियम गेले.

तुमच्या मूळ दुखण्यावरही तो इलाज नाही. किक हुकवणाऱ्याऐवजी ज्याच्या पायातून चेंडू सुटला तो बचावपटू रडणार, आणि त्यालाही भरपाईला वेळ नाही. फ्रान्सचा त्रेझेगे हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. २००० च्या युरोच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्ध गोल्डन गोल त्याचा, आणि २००६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इटलीविरुद्धच बारवर आदळलेली पेनल्टीही त्याचीच. त्या शूटआउटमध्ये हुकलेली ती एकमेव किक.

प्रतिसाद – मधली_फळी

कॉर्नर मोजण्याला माझा ठाम विरोध. २०१९ च्या क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. सामना टाय, सुपर ओव्हर टाय, आणि विजेता ठरला चौकार-षटकार मोजून. न्यूझीलंडच्या खेळाडूंकडे बघून पोटात तुटलं होतं. तो नियम नंतर काढावाच लागला.

फुटबॉलमध्येही २०१८ च्या विश्वचषकात गटसाखळीत जपान आणि सेनेगल सगळ्या बाबतींत बरोबरीत होते आणि सेनेगल बाहेर गेलं ते पिवळी कार्डं जास्त म्हणून. शेवटच्या मिनिटांत जपान पोलंडविरुद्ध ०-१ ने मागे होता आणि तरी चेंडू मागच्या मागे फिरवत राहिला, कारण गणित त्यांच्या बाजूने होतं. मोजायची गोष्ट बदलली की खेळही बदलतो. कॉर्नर मोजायला लागलात तर मुलं गोलऐवजी, कॉर्नर मिळावा म्हणून, बचावपटूच्या पायावर चेंडू मारायला शिकतील.

प्रतिसाद – पंचवीस_मीटर

धावत जाऊन गोल मारण्याचा पर्याय विचारात घ्या. अमेरिकेतल्या जुन्या एनएएसएल लीगमध्ये ३५ यार्डांवरून सुरुवात करून पाच सेकंदांत फटका मारायचा, समोर फक्त गोलकीपर. तिथल्याच एमएलएस लीगनेही १९९९ पर्यंत तेच ठेवलं होतं. २०१७ मध्ये मार्को व्हान बास्टेन फिफात असताना त्यांनी २५ मीटर आणि आठ सेकंद अशी कल्पना मांडली होती. हॉकीत तर आता आठ सेकंदांचंच शूटआउट असतं आणि ते बघायला खरंच छान वाटतं. ड्रिबल, चकवा, गोलकीपरचं पुढे येणं, सगळा खेळ त्यात दिसतो.

लहान मुलांसाठी एकच काळजी: गोलकीपर आणि आघाडीवीर वेगात एकमेकांवर आदळतात. पंच अनुभवी हवा.

> धागाकर्ता: आवडलं, पण किक हुकवणारा इथेही एकटाच राहतो ना?

> पंचवीस_मीटर: हो, तेवढं खरं.

प्रतिसाद – शिट्टी

तुमचा मुद्दा ‘भरून काढायला वेळ नाही’ हा असेल तर एक पर्याय नेमका त्यासाठीच आहे. शूटआउट आधी घ्या, जादा वेळ नंतर खेळवा.

म्हणजे नियमित वेळ बरोबरीत संपली की लगेच शूटआउट. त्याचा निकाल लिहून ठेवायचा. मग जादा वेळ. त्यात कोणी जिंकलं तर तो विजेता, शूटआउट रद्द. जादा वेळही बरोबरीत सुटली तरच शूटआउटचा निकाल धरायचा. ही कल्पना जुनी आहे, अभ्यासकांनीही मांडली आहे, पण मोठ्या स्पर्धांनी ती उचलली नाही.

फायदा बघा. जादा वेळ सुरू होते तेव्हा एक संघ मागे असतो आणि त्याला हल्ला करावाच लागतो. आत्ता दोन्ही संघ शूटआउटची वाट बघत वेळ काढू शकतात. १९९१ चा युरोपियन कपचा अंतिम सामना त्याच कारणाने कंटाळवाणा झाला. मार्सेयचा हल्ला धोक्याचा म्हणून रेड स्टार बेलग्रेडने पुढे जाणंच टाळलं, ०-० राखलं आणि पेनल्टींवर ५-३ जिंकले.

आणि ज्याची किक हुकली त्या मुलाला, आणि त्याच्यासाठी त्याच्या दहा मित्रांना, दहा मिनिटं मिळतात.

प्रतिसाद – डावी_बगल

पण शूटआउट जिंकलेला संघ दहाही मिनिटं गोलसमोर भिंत उभी करेल त्याचं काय?

> शिट्टी: करेल. पण निदान दुसरा संघ ती फोडायला धावेल. आत्ता कधी कधी दोन्हीकडे भिंतच असते. आणि मागे बसलेल्या संघावर सलग हल्ले व्हायला लागले की प्रतिहल्ल्याच्या जागाही उघडतात. मुलांच्या सामन्यात तर दहा मिनिटांत गोल होण्याची शक्यता चांगलीच असते.

प्रतिसाद – हातमोजे

मी गोलकीपर होतो, म्हणून एक विनंती. शूटआउट पूर्ण काढू नका. गोलकीपरने सामनाभर दहा फटके अडवले आणि एक सोडला तर लोक तो एकच धरून बसतात. शूटआउटमध्ये मात्र हरण्याचं ओझं त्याच्यावर नसतं आणि जिंकून देण्याची संधी असते. १९८६ मध्ये स्टेआऊआ बुखारेस्टच्या डुकाडामने बार्सिलोनाच्या चारही किक अडवल्या आणि युरोपियन कप आणला. २०२४ च्या युरोत पोर्तुगालच्या डिओगो कोस्टाने स्लोव्हेनियाच्या तिन्ही अडवल्या. त्या वयात मला असं एक शूटआउट मिळालं होतं, त्यावर मी पुढे कितीतरी वर्षं खेळलो. शिट्टी यांचा पर्याय मला म्हणूनच आवडला, त्यात आमची संधीही राहते.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. शिट्टी यांचा पर्याय बैठकीत मांडणार आहे. हातमोजे, तुमची बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती, बरं झालं लिहिलंत. मसुदा असा करतोय:

‘नियमित वेळेत बरोबरी झाल्यास प्रत्येक संघाने तीन पेनल्टी घ्याव्यात. तरीही बरोबरी राहिल्यास एकेक किक, निकाल लागेपर्यंत. त्यानंतर पाच-पाच मिनिटांचे दोन भाग. त्यात गोलफरकाने पुढे असलेला संघ विजयी. तेथेही बरोबरी असल्यास पेनल्टींमध्ये जिंकलेला संघ विजयी.’

दोन शंका उरल्या. किकचा क्रम एकाआड एक ठेवावा की टेनिसच्या टायब्रेकसारखा अ-ब-ब-अ? आणि किक कोणी घ्यायच्या हे कोण ठरवणार?

प्रतिसाद – शिट्टी

क्रम एकाआड एकच ठेवा. पहिली किक मारणाऱ्याला फायदा होतो का यावर अभ्यासकांचं एकमत नाही. अ-ब-ब-अ २०१७ मध्ये काही स्पर्धांत करून पाहिला, त्या वर्षीच्या इंग्लंडमधल्या कम्युनिटी शील्डमध्ये आर्सेनल-चेल्सी शूटआउट तसंच झालं. प्रेक्षक गोंधळले आणि पुढच्या वर्षी तो सोडून दिला. तुमच्या पद्धतीत तसाही शूटआउट हा शेवट नाही, त्यामुळे तो फायदा असला तरी जादा वेळेत पुसता येतो.

किक घेणाऱ्यांची नावं मुलांनी स्वतः हात वर करून द्यावीत, कोचने कुणाला ढकलू नये. मोठ्यांच्या नियमात वेळ संपताना मैदानावर असलेलेच खेळाडू किक घेऊ शकतात, तुम्ही राखीव मुलांनाही परवानगी द्या. आणि मसुद्यात एक ओळ वाढवा: शूटआउट आणि जादा वेळ यांच्यामध्ये दोन मिनिटं विश्रांती. पाणी प्यायला, आणि ज्याची किक हुकली त्याच्याशी बोलायला तेवढी लागतात.