उठताच डोळ्यांपुढे अंधारी का येते?

प्रश्न: बसून बीपी १३०/८० भरतं, तरी पहाटे अंथरुणातून उठताच अंधारी येते. असं का?

उत्तर १: उभं राहताच ५०० ते ८०० मिली रक्त पाय-पोटाच्या शिरांत उतरतं, रक्तदाब घसरतो. मानेतल्या धमनीतले दाबग्राही (दाब ओळखणारी चेतातंतूंची टोकं) ते टिपतात. ठोके वाढतात, बारीक धमन्या आवळतात. धमनीची त्रिज्या निम्मी झाली की रक्तप्रवाहाला होणारा रोध १६ पट, म्हणून जराशा आवळण्यानंही दाब सावरतो. उतारवयात, मधुमेहात किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी ही यंत्रणा मंदावते.

उत्तर २: बसून मोजलं तर हे कळणारच नाही! ५ मिनिटं आडवं राहून मोजा, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी. दंड हृदयाच्या पातळीवर धरा. लोंबता हात आकडा फुगवतो. वरचा २० किंवा खालचा १० नं उतरला तर डॉक्टरांना दाखवा. चालू असलेली गोळी परस्पर बंद करू नका.

उत्तर ३: उठण्याआधी पावलं १०-१५ वेळा वर-खाली करा, पोटऱ्या शिरा पिळून रक्त वर ढकलतात.